कुमुद्वती आणि सोन्याची आसने

एका राज्यात केस पिकले की दारात वाजंत्री येत असे. सनई वाजे, चौघडा झडे, मेणा थांबे. घरची माणसे आनंदाने रडत, शेजारीपाजारी फुले उधळत, आणि ज्याचा केस पिकला त्याला भरजरी शाल पांघरून राजवाड्यामागच्या सुवर्णशाळेत नेत. तेथे सोन्याची आसने ओळीने मांडलेली होती. एका आसनावर त्याला बसवले, पायाखाली मखमलीची उशी सरकवली, की सोहळा पुरा होई. त्यानंतर त्या माणसाने पुन्हा उठायचे नाही, असा त्या राज्याचा नियम होता.

उठायचे तरी कशाला? पाण्याचा पेला ओठाशी येई. घास भरवला जाई. माशी घोंघावली तर चवरी ढाळली जाई. एखादी म्हातारी पडलेले फूल उचलायला वाकली, तर सेविका धावत येत आणि तिच्या हातातून ते फूल काढून घेत. "आपण खूप केलेत, आता बसा," हे बोल त्या राज्यात इतके गोड मानले जात की लहान लेकरांनाही ते पाठ असत.

माणसाला चोरून नेले तर तो ओरडतो. मान देऊन नेले तर तोच हात जोडतो आणि आभार मानतो. त्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या हे चालले होते, आणि कोणालाही त्याची चीड येत नव्हती.

ही आसने राजगुरू स्थावरनाथाने आणली होती. राजाच्या पणजोबांच्या कारकिर्दीत तो गाड्या भरभरून सोने घेऊन आला आणि म्हणाला की डोंगराखाली पुरलेला हा ठेवा वडीलधाऱ्यांच्या सेवेला वाहतो आहे. पणजोबा गेले, आजोबा गेले, वडीलही गेले. स्थावरनाथाची दाढी मात्र काळीच राहिली. लोक म्हणत, तपाचे तेज आहे. त्याला घोड्याचे दुखणे कळे, धातू ओतता येई, पैठणी विणता येई, नक्षत्रे सांगता येत. एका माणसाला इतके कसे येते, असे कोणी विचारले नाही.

राजाचे नाव विजयकेतू. त्याचे आईबाप तो रांगत असतानाच गेले. त्याला वाढवले त्याच्या आत्याने, कुमुद्वतीने. तो गादीवर बसण्याजोगा होईपर्यंत राज्यही तिनेच सांभाळले. सरहद्दीवर ती घोड्यावरून फिरली, दरबारात तिने न्याय केला, दुष्काळात कोठारांची कुलुपे स्वतःच्या हाताने काढली. तिच्या घराण्यात केस उशिरा पिकत. तिच्या पतीचे, सेनापती धैर्यधरांचे, आधी पिकले. ते हसतच मेण्यात बसले. लढाया पुष्कळ झाल्या होत्या, जुन्या जखमा थंडीत ठणकत. थोडे बसतो, म्हणाले. कुमुद्वतीला त्यात काही वावगे वाटले नाही. दमलेल्या माणसाने बसावेच. शाल तिनेच त्यांच्या खांद्यावर नीट केली.

मग एके सकाळी वेणी घालताना दासीला कुमुद्वतीच्या भांगाशेजारी पांढरा केस दिसला. दासी आनंदाने धावत सुटली. राजा आला, आत्याच्या पाया पडला, डोळे पुसत म्हणाला की उद्याच मिरवणूक काढू. कुमुद्वतीने सांगितले की मला अजून बसायचे नाही. राजा तिच्याकडे पाहून तसा हसला, जसे आपण हट्ट करणाऱ्या मुलाकडे पाहून हसतो. ज्याला तिने बोट धरून चालायला शिकवले, तो आता तिला असे हसला. ते तिच्या मनाला लागले.

मिरवणुकीआधी पतीला भेटून यावे म्हणून ती सुवर्णशाळेत गेली. एरवी सणावाराला ती जात असे, तेव्हा भेटीला येणाऱ्यांनी दोरीच्या अलीकडून नमस्कार करायचा असे. आता तिचाच केस पिकला होता, म्हणून पहारेकऱ्यांनी दोरी सोडली. ती प्रथमच धैर्यधरांच्या जवळ गेली.

"कसे आहात?" तिने विचारले.

"बरा आहे."

"काही हवे का?"

"काही नको."

हा माणूस कैरीच्या दिवसांत मीठ लावलेल्या फोडीसाठी स्वयंपाकघराभोवती घिरट्या घालत असे. कुमुद्वतीने त्यांच्या अंगावरची शाल बाजूला केली. छातीपर्यंत ते सोन्याचे झाले होते. पाय आसनाशी एकजीव झाले होते, मांड्या, पोट, हात, सारे पिवळे, गार आणि टणक. तिने बोटाने टिचकी मारली, तर भांड्यासारखा आवाज आला.

तिने मागे वळून पाहिले. मागच्या ओळींत शाली होत्या आणि शालींवर चेहरे होते, पण ते चेहरे पापणी हलवत नव्हते. तिची दाई सरजाबाई तिथे होती, डोक्याच्या केसापर्यंत सोन्याची. तिच्यापुढेही कोणी रोज ताजे दूध ठेवत होते.

कुमुद्वती तडक दरबारात गेली आणि जे पाहिले ते तिने सर्वांसमक्ष सांगितले. राजा गोंधळला. गुरुदेव सांगतात की ते पुण्य आहे, तो म्हणाला. देह सोन्याचा होणे म्हणजे पुण्य अंगावर दिसणे. दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. स्थावरनाथ आपल्या जागेवर उभा होता. तो नेहमी उभाच असे. त्याने मृदू आवाजात सांगितले, "आत्यासाहेब, आपण दमला आहात."

"मी दमलेली नाही."

"ते आपल्याला कळणार नाही. म्हणून तर आम्ही आहोत."

दुसऱ्या दिवशी मेणा आला. कुमुद्वती मुकाट्याने आत बसली, कारण वाड्याच्या दारांवर भालाईत होते. मिरवणूक वेशीबाहेरच्या माळाला वळसा घालून जात असे. तिथे आल्यावर तिने मेण्याचा पडदा सारला आणि ती खाली उतरून चालू लागली. भोई थबकले. मेण्यात बसलेल्या माणसाच्या अंगाला आसनावर पोचेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असा स्थावरनाथाचाच नियम होता. सनईवाले वाजवायचे थांबले. सारी मिरवणूक तोंडे उघडी टाकून पाहत राहिली, आणि राज्याची आत्याबाई भरजरी शाल काट्यांत टाकून माळाच्या पलीकडे निघून गेली.

त्या माळावर खडे आणि टिटवीची अंडी सारखीच दिसत. कुमुद्वतीचे पाऊल पडणार, तोच एक टिटवी तिच्या पायांत आली.

"बाई, डोळे आहेत का?" टिटवी म्हणाली. "की तेही सोन्याचे झाले?"

पक्षी बोलला याचे कुमुद्वतीला नवल वाटले नाही. त्या राज्यात पक्षी बोलत, फक्त माणसे त्यांचे ऐकत नसत. तिने क्षमा मागितली आणि सोन्याबद्दल तुला काय ठाऊक, असे विचारले. टिटवी एका जागी थांबेना. इकडून तिकडे धावत, मधूनच ओरडत, तिने जे सांगितले ते असे.

ते सोने स्थावरनाथाचे नव्हते. पलीकडच्या डोंगरातल्या यक्षाचे होते. स्थावरनाथाने ते चोरले. त्यावर जो बसेल त्याचे आयुष्य आणि त्याची विद्या आसनात झिरपते, आणि ज्याच्या ताब्यात सोने आहे त्याला ती मिळते. म्हणून त्याची दाढी काळी, म्हणून त्याला सगळे येते. चोरीच्या कसबाखेरीज त्याचे स्वतःचे असे काहीच नाही. सोने यक्षाने परत मागितले तर हा खेळ संपेल. पण चोरी झाल्यापासून यक्ष गुहेत दार लावून बसला आहे, आणि वाटेवर त्याने तीन राखणदार ठेवले आहेत. एक तळे, एक राक्षस आणि एक दार.

"राजपुत्र आले होते," टिटवी म्हणाली. "पट्टीचे पोहणारे आले, कुशल कारागीर आले, गवई आले. सगळे परत फिरले. चोर कसबी होता, म्हणून यक्षाला कसबाचा राग आहे. ज्याला ते काम येते त्याला राखणदार वाट देत नाहीत. ज्याला येत नाही आणि तरी जो करतो, त्यालाच देतात."

"मग ज्याला येत नाही असा कोणीच का गेला नाही?"

"आपल्याला येत नाही ते चारचौघांत करायला कोण तयार होतो?"

कुमुद्वतीने थोडा विचार केला. घोडा, धनुष्य, न्याय, राज्य, तिला जे जे येत होते त्यातले काहीच इथे उपयोगाचे नव्हते. जन्मभर लोक तिच्याकडे शिकायला आले होते. आता तिला अगदी पहिल्यापासून सुरुवात करायची होती, आणि तिकडे धैर्यधरांचे सोने गळ्याकडे सरकत होते. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट मारला.

डोंगराच्या पायथ्याशी तळे होते. काळे, खोल, वाऱ्यातही न हलणारे. त्याच्या काठाला फुटक्या होड्यांच्या फळ्या पडल्या होत्या.

"तुला पोहता येते का?" तळ्याने विचारले.

"नाही."

"मग ये."

राजकन्या पाण्यात उतरत नसत. स्नानाच्या कुंडाखेरीज पाणी कुमुद्वतीच्या घोट्याच्या वर कधी आले नव्हते. पहिल्या दिवशी ती गुडघाभर पाण्यात पडली आणि खोकत बाहेर आली. नाकात पाणी गेले, कानांना दडे बसले, आणि काठावरून टिटवी तिला वाट्टेल ते बोलली. दुसऱ्या दिवशी ती कमरेपर्यंत गेली. पलीकडच्या काठाला रानम्हशी डुंबत असत. त्यांच्याकडे पाहून तिने मान वर ठेवायला शिकून घेतले. रोज संध्याकाळी तिचे खांदे भरून येत, आणि रोज सकाळी ती पुन्हा उतरे. एकदा काठावर थरथरत बसली असता तिला सुवर्णशाळेतल्या सेविका आठवल्या. त्या इथे असत्या तर त्यांनी तिला केव्हाच पाण्याबाहेर ओढून शालीत गुंडाळले असते. त्या मायेचा तिला इतका संताप आला की ती ओल्या अंगाने उठून पुन्हा पाण्यात गेली.

त्या दिवशी तिचे पाय तळापासून सुटले. मधोमध आल्यावर दम संपला, हात चालेनात. आपण बुडणार असे तिला वाटले. तिने अंग सोडले आणि उताणी झाली, तर पाण्याने तिला धरले. वर आभाळ होते. कोणी तिला धरून ठेवले नव्हते आणि ती बुडतही नव्हती. ती तशीच थोडा वेळ तरंगत राहिली. मग हसली, तोंडात पाणी गेले, आणि हातपाय मारत ती पलीकडे पोचली.

वर चढणीवर राक्षस बसला होता. त्याचा गळा आतून जळत होता. शेजारी झरा वाहत होता, पण त्याच्या हातात पाणी वाफ होऊन जाई. भोवती खापरांचा डोंगर पडला होता. कुशल हातांनी घडवलेले प्रत्येक भांडे त्याने धरताच तडकत असे.

"मला पाणी पाज," राक्षस म्हणाला. "नाहीतर तुला खाईन."

"तुमच्याकडे भांडे नाही."

"कर."

झऱ्याकाठी माती होती. कुमुद्वतीने आयुष्यात मातीला हात लावला नव्हता. तिने माती मळली, ती सैल झाली. पुन्हा मळली, घट्ट झाली. काठ उभे केले की ते बसत, बूड थापले की ते फाटे. राक्षस तहानेने कण्हत होता आणि मध्येच विचारत होता की झाले का. ती म्हणाली की नाही झाले आणि घाई करू नका. राक्षसाला असे कोणी बोलले नव्हते. तो वाट पाहू लागला. किती गोळे मोडले याचा हिशेब तिने ठेवला नाही. शेवटी एक गाडगे उभे राहिले. ते एका बाजूला कलले होते आणि त्याचा काठ जाड होता. तिने ते उन्हात वाळवले, काटक्या पेटवून भाजले आणि झऱ्यात बुडवले.

राक्षसाने दोन्ही हातांनी ते धरले. गाडगे तडकले नाही. तो घटाघटा प्यायला, पुन्हा भरून मागितले, पुन्हा प्यायला. त्याच्या गळ्यातली आग शमली तेव्हा त्याने गाडगे डोळ्यांसमोर धरून फिरवून पाहिले.

"वाकडे आहे," तो म्हणाला.

"आहे."

"मी ठेवून घेऊ?"

तिने हो म्हटल्यावर त्याने वाट सोडली.

वाटेच्या टोकाला दार होते. उंच, काळ्या दगडाचे, कडी नाही, कुलूप नाही. टिटवी म्हणाली, "हे गाण्याने उघडते."

कुमुद्वती दारासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिचे पाय अडले. तळ्यात ती बुडायला तयार झाली होती, राक्षसापुढे तिने तोंड वर केले होते. पण लहानपणी तिला गाणे शिकवायला आलेल्या गवयाने पहिल्याच दिवशी कानांवर हात ठेवले होते, आणि साऱ्या राजवाड्यात हशा पिकला होता. त्यानंतर तिने पाळण्याशीसुद्धा गाणे म्हटले नव्हते. विजयकेतूला तिने थोपटूनच झोपवले.

तिने तोंड उघडले, तर आवाज फुटेना. दार तसेच उभे राहिले. तिने पुन्हा प्रयत्न केला आणि घशातून खरखर निघाली. मग तिला धैर्यधरांच्या छातीवर मारलेली टिचकी आठवली. सरजाबाईपुढचे ताजे दूध आठवले. "ते आपल्याला कळणार नाही," असे म्हणणारा तो मृदू आवाज आठवला.  शब्द तिचे तिलाच सुचत गेले:

"शाल घातली खांद्यावरी, हार घातिले गळा,
कोणी विचारिले नाही, बसायचे का गे तुला.
पाय माझे, वाट माझी, माझे श्वास, माझा सूर,
दमले की मी बसेन, तोवर उभे राहा दूर."

सूर कुठेच लागला नाही. डोंगरातल्या घारी उडाल्या. पण ती थांबली नाही. पुन्हा म्हटले, आणखी मोठ्याने म्हटले, डोळ्यांतून पाणी वाहत असताना म्हटले. दार उघडले.

आत यक्ष पाठ करून बसला होता. त्याच्या मांडीवर कोळ्यांनी जाळी विणली होती.

"इतके बेसूर कोण गाते?" त्याने विचारले.

"मी. पहिल्यांदाच."

यक्ष वळला. कुमुद्वतीने त्याला सारे सांगितले. ऐकता ऐकता यक्षाचा चेहरा पडत गेला. तो म्हणाला की सोने चोरीला गेले तेव्हा रागाच्या भरात मीच शाप दिला होता, या सोन्यावर जो बसेल तो सोन्यासारखाच होऊन जावा. मला वाटले, चोर बसेल.

"चोर बसला नाही," कुमुद्वती म्हणाली. "त्याने आमच्या आईबापांना बसवले. आणि तुम्ही इथे रुसून बसलात. आपला शाप कोणाच्या डोक्यावर पडला, हे एकदा बाहेर येऊन पाहावेसे तुम्हाला वाटले नाही?"

 तो जाळी झटकत उठला. त्याने सांगितले की मी हाक मारली तर सोने येईल, पण ज्यावर माणूस बसला आहे ते आसन हलणार नाही. ओढून उठवलेले चालणार नाही. एक जण जरी स्वतःला वाटून उठला, तरी शाप तडकेल. मी सुवर्णशाळेच्या दाराशी उभा राहतो. तू जा.

कुमुद्वती परतली तेव्हा सुवर्णशाळेत उत्सव चालू होता. राजा, दरबार, प्रजा, सारे जमले होते. पुढच्या ओळीत एक आसन तिच्यासाठी रिकामे ठेवले होते. ती आत आली तशी गर्दी दुभंगली. लुगड्याला चिखल, नखांत माती, केस मोकळे, आणि आता बरेच पांढरे. धैर्यधरांचे सोने हनुवटीला टेकले होते.

"आत्यासाहेब आल्या," स्थावरनाथ म्हणाला. "बसा."

त्याने हात उचलला आणि रिकामे आसन आपोआप सरकत तिच्या गुडघ्यांमागे आले. त्याने मंत्र म्हटला. त्यासरशी तिच्या अंगातून एकेक गोष्ट निघून जाऊ लागली. घोड्यावरची मांड गेली, धनुष्याची पकड गेली, कायदे गेले, सरहद्दीच्या वाटा गेल्या. जन्मभर कमावलेले ते सारे स्थावरनाथाच्या डोळ्यांत चमकू लागले. तिचे गुडघे वाकले. पण पोहणे तिचे कालचे होते, मातीचा हात अजून कच्चा होता, गाणे तर धड जमतच नव्हते. मंत्राला ते सापडलेच नाही. तेवढ्या बळावर ती उभी राहिली, आणि तिने तिथेच, भर दरबारात, आपले गाणे म्हटले.

दरबारी एकमेकांकडे पाहून हसले. राजा शरमेने लाल झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आत्यासाहेब, या वयात हे शोभत नाही."

कुमुद्वती गायची थांबली.

"विजय, मी तुझे राज्य राखले तेव्हा शोभत होते. मी तुझी शी काढली तेव्हा शोभत होते. माझे वय झाले हे तू दासीकडून ऐकलेस आणि मला न विचारता मेणा धाडलास. माझ्या हातून पेला काढून घेणे म्हणजे सेवा, हे तुला कोणी शिकवले? इथे बसलेल्या एकालाही कोणी विचारले का, की तुला अजून काय करायचे आहे?"

 तिने स्थावरनाथाकडे पाठ केली, ती धैर्यधरांच्या समोर गेली आणि खाली जमिनीवर बसली.

"अहो," ती म्हणाली, "मला पोहता येते."

 मग त्यांच्या पापण्या हलल्या.

"तुला?"

"डोंगराखालचे तळे ओलांडून आले. एकटी."

"तू तर नावेत बसतानासुद्धा माझा दंड धरायचीस."

"आता धरत नाही. आपल्याला पोहता येते का?"

सेनापतींनी नद्या नावेतून ओलांडल्या होत्या, हत्तीवरून ओलांडल्या होत्या. पोहून मात्र एकही नाही, हे फार थोड्या लोकांना ठाऊक होते. 

"नाही," ते म्हणाले. आणि मग, "मला दाखव."

"इथे कसे दाखवू? तळ्यावर यावे लागेल."

स्थावरनाथ ओरडला की उठू नका, आपण दमला आहात, पडाल. त्याचा आवाज प्रथमच मृदू नव्हता. धैर्यधरांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. ते आपल्या बायकोकडे पाहत होते, आणि त्यांना काहीतरी हवे होते. हनुवटीखाली बारीक चर्र आवाज झाला. सोन्याला भेग गेली. ती छातीवरून उतरली, हात सुटले, मग पोट, मग गुडघे. ते पडले. राजा धावला, तशी कुमुद्वतीने हात आडवा धरला. धैर्यधर कोपरांवर उठले, गुडघ्यांवर आले, आसनाचा आधार घेऊन उभे राहिले. त्यांच्या जुन्या जखमा ठणकत होत्या. ठणकताहेत हे कळले तेव्हा त्यांना रडू आले.

मग शाळाभर तडकण्याचा आवाज पसरला. एका म्हाताऱ्याने विचारले की तबला शिकायला फार उशीर झाला का. एक आजी म्हणाली की मला समुद्र पाहायचा आहे. कोणाला लिहायला शिकायचे होते, कोणाला घराचे छत स्वतः शाकारायचे होते, एकाला फक्त स्वतःच्या हाताने जेवायचे होते. जसजसे एकेकाला काही हवेसे वाटले, तसतसे सोने गळून पडले. ज्यांना अजून थोडे बसायचे होते तेही बसले, पण जमिनीवर, आपल्या खुशीने. दाराशी यक्षाने हाक दिली आणि सारे सोने पाण्यासारखे वाहत त्याच्याकडे गेले. कुमुद्वतीची घोड्यावरची मांड आणि धनुष्याची पकड तिच्याकडे परत आली, तसे प्रत्येकाचे ज्याचे त्याला मिळाले.

मागच्या ओळी मात्र उठल्या नाहीत. सोने ओघळून गेल्यावर तिथे माती उरली. सरजाबाईच्या जागीही माती उरली. कुमुद्वतीने ती ओंजळीत घेतली, आणि ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. यक्षाने खाली मान घातली. राजाने मुकुट काढून ठेवला आणि त्या सर्वांचे अंत्यविधी स्वतः केले.

स्थावरनाथाची दाढी क्षणात पांढरी झाली, मग गळून गेली. त्याचे दात गेले, पाठ वाकली. लोक दगड उचलून धावले. "मला बसू द्या," तो क्षीण आवाजात म्हणाला, "मला कुठेतरी बसू द्या." कुमुद्वतीने लोकांना थांबवले आणि एक लाकडी चौरंग आणवून त्याला बसवले. त्याला पाणी दिले. मग सर्वांदेखत सांगितले की याला रोज कोणी ना कोणी एखादे काम शिकवावे, कारण याला चोरीखेरीज स्वतःचे असे एकही येत नाही. म्हणतात की मरण्याआधी तो सूप विणायला शिकला आणि त्या सुपातून कोंडा बरा पाखडला जाई.

राजाने आत्याची क्षमा मागितली. ती लगेच मिळाली नाही. कुमुद्वतीने सांगितले की राग आहे, आणि तो जाईल तेव्हा कळवीन. त्याने सुवर्णशाळेची दारे काढून टाकली आणि राज्यात दवंडी पिटवली की वडीलधाऱ्याला बसवण्याआधी त्याला विचारावे, आणि तो नाही म्हणाला तर वाटेतून बाजूला व्हावे. वाजंत्री मग लग्नांपुरती राहिली. पुढल्या सणाला कुमुद्वतीने राजाला आपल्या घरी जेवायला बोलावले आणि स्वतः वाढले, तेव्हा त्याला समजले की राग गेला.

धैर्यधर कधीच चांगले पोहले नाहीत, पण त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. टिटवी काठावर धावत त्यांना शिव्या देत असे, आणि ते पाण्यातून तिला उलट उत्तर देत.

त्या राज्यावरचे अरिष्ट जसे टळले, तसे तुमच्याआमच्या दारचे टळो. ज्याला बसायचे त्याला सावली मिळो, ज्याला उठायचे त्याला वाट मिळो.